सात तासांचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. खरे तर म्हातारा होण्याआधीच मला कामावरून काढले, त्यामुळे स्वतःला जुना म्हणवून घेण्याचा मान मला आहे की नाही, याचीही शंकाच आहे. माझी लाकडी मूठ अजून गुळगुळीत आहे. रबर कुठे झिजलेले नाही, आणि माझ्यावरचा सतराचा आकडा आजही स्वच्छ वाचता येतो. तरी मी एका कुलूपबंद खणात पडून आहे. माझ्यावर कोणी अन्याय केलेला नाही बरे का. मी इथे आहे तो माझ्याच कर्माने, आणि ते कर्म तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. माझ्या एका बाजूला दातांच्या डॉक्टरांचा शिक्का वाळत पडला होता आणि दुसऱ्या बाजूला एका शाळेचा. त्या दोघांवर लांबलचक नावे होती, पदव्या होत्या, पत्ते होते. माझ्यावर एक गोल, गोलात बारीक अक्षरांत कारखान्याची खूण, आणि मधोमध सतरा. शिक्के करणाऱ्याने डोळ्याचे भिंग काढले आणि मला घ्यायला आलेल्या माणसाला विचारले, "यावर नाव नाही, नुसता आकडा? मग हा शिक्का कुणाचा?"

"ज्याच्या हातात असेल त्याचा," तो माणूस म्हणाला, "आणि तो हात माझा एकट्याचाच."

त्या माणसाला सगळे थांबाकाका म्हणत. त्यांचे खरे नाव हजेरीच्या वहीत होते, पण ते तिथेच राहिले. काका विमानांच्या लाइफ जॅकेटांचे तपासनीस होते. तुम्ही विमानात बसलात, तर तुमच्या सीटखाली एका पिशवीत पिवळे जॅकेट घडी करून ठेवलेले असते. विमानाला पाण्यावर उतरावे लागले तर ते जॅकेट घालायचे, दोरी ओढायची, की ते फुगते आणि माणूस तरंगतो. बहुतेक जॅकेटे विमानात एकदाही उघडावी लागत नाहीत, आणि ते चांगलेच आहे. पण ठरावीक वर्षांनी प्रत्येक जॅकेटाला आमच्यासारख्या कारखान्यात यावे लागते. तिथे ते फुगवून लोखंडी आकड्याला टांगायचे, आतल्या हवेचा दाब वहीत लिहायचा, आणि मग बारा तास काहीही करायचे नाही. नुसते थांबायचे. बारा तासांनी पुन्हा दाब बघायचा. काटा ठरलेल्या खुणेच्या वर असेल तर जॅकेट पास. मग घडी, मग पिशवी, मग पिशवीला टॅग, आणि टॅगवर मी.

या बारा तासांत कोणी ना कोणी घाई करायचेच. कोणी म्हणायचे, नऊ तास झाले, काटा हललेला नाही, आता काय हलणार? त्यावर काकांचे एकच उत्तर ठरलेले होते, "थांबा." त्यावरून नाव पडले थांबाकाका. नाव ठेवणाऱ्यांनी ते चिडवायला ठेवले होते, पण काकांना ते आवडायचे, आणि खोटे कशाला सांगू, मलाही आवडायचे.

मी रात्रंदिवस त्यांच्याबरोबर असे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्यासाठी जाड कापडाची पिशवी शिवली होती. ती दोरीने काकांच्या गळ्यात असे. घरी आले की आरशाशेजारच्या खिळ्यावर. तपासनिसाने आपला शिक्का सख्ख्या भावाच्या हातातही द्यायचा नाही, असा आमच्या कामाचा नियम आहे. एकदा काकांना ताप भरला होता. कारखान्यातून निरोप आला की माल अडलाय, नुसता शिक्का पाठवून द्या. काकांनी अंगावर शाल घेतली, रिक्षा बोलावली आणि स्वतः आले. कामाच्या टेबलाशी बसून त्यांनी प्रत्येक नोंद वाचली आणि मगच मला उचलले. त्या दिवशी थोरल्या मालकांनी सगळ्यांदेखत त्यांची पाठ थोपटली होती. थोपटले काकांना, पण छाती फुगली माझी. जॅकेटांच्या सहवासात राहून ती खोड मला लागलीच होती.

मला एक मोठी हौस होती, ती आत्ताच कबूल करून टाकतो. मला परदेशात जायचे होते. मी स्वतः नव्हे, माझा ठसा. पण तसे घडत नव्हते. कारखान्यापासून दहा मिनिटांवर विमानतळ. तिथे समुद्रापलीकडच्या देशाची विमाने रोज उतरायची, आमच्या छपरावरून घरघरत जायची. त्यांच्या सीटखालीही तशीच पिवळी जॅकेटे. पण त्यांची तपासणी करायची वेळ आली की ती पेट्यांत भरून परत आपल्या देशी जात, कारण त्या देशाचे हवाई वाहतूक खाते आमच्या देशाचा शिक्का मानत नसे. आणि आमचे खाते त्यांचा मानत नसे. आमच्या विमानांच्या ऑक्सिजनच्या बाटल्या तिकडे तपासून आल्या, तरी इकडे पुन्हा तपासाव्या लागत. एकच काम दोनदा, आणि दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नाही.

थोरले मालक गेले आणि त्यांची मुलगी कारखाना बघू लागली. तिला सगळे मॅनेजरबाई म्हणत. तोवर काम फार कमी झाले होते. आकड्यांच्या चार रांगांपैकी दोन रिकाम्या असत. घडी घालणाऱ्या बायकांमध्ये एक घडीताई होत्या. त्यांच्या हातची घडी अशी, की दोरी ओढताच जॅकेट कुठेही न अडकता उलगडायचे. त्यासुद्धा दुपारनंतर हातावर हात ठेवून बसलेल्या दिसायच्या. बाई सगळ्यांना धीर द्यायच्या आणि स्वतः नखे खायच्या.

अशात बातमी आली की दोन देशांचा करार होतो आहे. यापुढे तुमची तपासणी ती आमची, आमची ती तुमची. ज्या कारखान्यांना ही मान्यता मिळायची होती, त्यात आमचे नाव होते. आधी चाचणी म्हणून त्यांच्या विमानांची दोनशे जॅकेटे आम्ही तपासायची. ती ठरलेल्या दिवशी, दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांसमोर, मोहरबंद करून द्यायची. ते पार पडले की त्यांच्या इथे उतरणाऱ्या सगळ्या विमानांचे काम आमचे. कारखाना तरला असता, चारही रांगा भरल्या असत्या. आणि मित्रांनो, माझा ठसा समुद्रापार गेला असता.

काकांनी त्या दोनशे जॅकेटांवर जीव ओतला. एकशे शहात्तर झाली, एकूण एक बारा तास टांगून, दोनदा दाब वाचून. शेवटची चोवीस उरली. ती लहान होती, लहान मुलांची. ती एका सकाळी सात वाजता टांगली. म्हणजे संध्याकाळी सातला उतरणार होती. समारंभ दुसऱ्या दिवशी अकराला होता. सगळे वेळेत बसत होते.

सकाळी दहाच्या सुमाराला बाई धावत आल्या. "काका, पाहुण्यांचं उद्याचं विमान बदललंय. ते आजच येताहेत. चार वाजता."

"येऊ देत की," काका म्हणाले.

"येऊ देत काय! उद्या त्यांना वेळ नाही, समारंभ आजच. तो कुठे करणार? एवढी मोठी खोली ही एकच आहे. इथे टेबलं लावायची, झेंडे लावायचे, चहा ठेवायचा. दोन वाजेपर्यंत मला खोली रिकामी हवी."

काकांनी टांगलेल्या चोवीस जॅकेटांकडे पाहिले. ती हलवता येत नव्हती. दुसऱ्या खोलीत नेली की तिथली हवा वेगळी, काट्याचा भरवसा नाही, पुन्हा पहिल्यापासून बारा तास मोजायचे.

"चोवीस मागाहून देऊ," ते म्हणाले.

"कागदावर दोनशे आहेत, काका. पेटी त्यांच्यासमोर बंद व्हायची आहे. पहिल्याच दिवशी एकशे शहात्तर दाखवून काय सांगू?"

"मग पाहुण्यांना बाहेर बसवू. सातनंतर करू."

"बाहेर कुठे? त्या बोळात, स्टुलावर?" बाईंचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "काका, आपल्या देशाचे लोक आहेत, त्यांच्या देशाचे आहेत. मी त्यांना तीन तास स्टुलावर बसवू? बावीस वर्षांत बाबांनी किंवा मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. एकदाच म्हणते. एकदाच."

घडीताई टेबलावर घालायची पांढरी चादर हातात घेऊन दारात उभ्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिले, रिकाम्या दोन रांगांकडे पाहिले आणि घड्याळाकडे पाहिले. बोलण्यासाठी त्यांचे तोंड उघडले. आम्ही सगळे जो शब्द ऐकायला सरावलो होतो, तो आता येणार असे मला वाटले. तो आला नाही.

दोन वाजता जॅकेटे उतरवली. सात तास झाले होते. घाई इतकी, की काकांनी दुसऱ्यांदा दाब वाचलाच नाही. आधीच्या चोवीस जॅकेटांचे जे आकडे होते, तसेच थोडे वरखाली करून वहीत लिहिले, आणि उतरवल्याची वेळ म्हणून संध्याकाळचे सात लिहिले. तेव्हा संध्याकाळचे सात अजून व्हायचे होते. घडीताईंनी भराभर घड्या घातल्या. मग काकांनी मला पिशवीतून काढले.

इथे माझा गुन्हा सुरू होतो. तुम्ही म्हणाल, शिक्का बिचारा काय करणार, हात नेईल तिकडे जाणार. तसे नाही. शिक्क्यालाही आपला हट्ट असतो. शाई सुकली असली किंवा मूठ वाकडी धरली, की आम्ही फिके उठतो, अर्धे उठतो. बावीस वर्षांत मी असा पुष्कळदा उठलो होतो, आणि काकांनी दर वेळी तो टॅग फाडून सगळे पुन्हा पाहिले होते. त्या दिवशीही शाई सुकत आली होती. मी फिका उठलो असतो तर त्यांचा हात थबकला असता, मला ठाऊक आहे. पण माझ्या मनात समुद्रापलीकडचा देश होता. मी चोवीसच्या चोवीस वेळा असा गोल, असा ठसठशीत उठलो, की तसा जन्मात कधी उठलो नव्हतो. सतराचा आकडा अगदी दिमाखात झळकत होता.

चारला पाहुणे आले. फोटो झाले, भाषणे झाली. पलीकडच्या देशाच्या तपासनीस एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांच्या गळ्यातही एक छोटी पिशवी होती. तिच्या आत काय आहे ते मला न बघताच कळले. आपल्या जातीचे कोणी भेटले की आनंद होतो ना, तसा मला व्हायला हवा होता. मला मात्र काकांच्या शर्टात लपून राहावेसे वाटले. पाहुण्या बाईंनी पेटीतून एक पिशवी उचलली. ती नेमकी लहान मुलाची होती. त्यांनी टॅग वाचला आणि माझ्या ठशावरून अंगठा फिरवला. मग त्या काही बोलल्या आणि दुभाष्याने सांगितले, "बाई म्हणताहेत, काम छान आहे. आता आमच्याकडे ही कुणी पुन्हा उघडून बघणार नाही. तुमचा शिक्का दिसला, की पुरे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या, दोनतीन. विश्वास म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळले. विश्वास म्हणजे पुन्हा कोणी बघणार नाही. आमच्यानंतर त्या चोवीस मुलांच्या आणि पाण्याच्या मध्ये दुसरा माणूस नव्हता, दुसरा शिक्का नव्हता.

घरी काकांनी मला खिळ्यावर अडकवले आणि आरशात न बघताच वळले. जेवताना काकूंनी विचारले, "आज एवढं मोठं काम झालं, आणि चेहरा असा का?"

"काही नाही."

"मला होकार द्यायला या माणसाने चार महिने लावले," काकू ताट पुढे सारत म्हणाल्या. "रोज विचारलं की म्हणे, थांबा. तेव्हासुद्धा असा चेहरा नव्हता. बोला."

मग काकांनी सगळे सांगितले. शेवटी काकूंनी एवढेच विचारले, "सात तासांनी उतरवली, तेव्हा हवा किती राहिली होती?"

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "बघितलीच नाही गं."

काकूंनी ताटे उचलली. खिळ्यावरून मला काकांची वाकलेली मान दिसत होती, आणि वर्षानुवर्षे त्या मानेला लटकल्याचा मला पहिल्यांदाच संकोच वाटला.

सकाळी काका सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचले. मॅनेजरबाई आल्या तशा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "कालची ती चोवीस परत आणायची. मी खोटं लिहिलंय."

बाईंनी दार लावून घेतले. "काका, हळू बोला. अहो, त्या जॅकेटांना काही होणार नाही. गेल्या पाच वर्षांत सात तासांनंतर किती गळली? एक तरी?"

"एकही नाही."

"मग?"

"मग ती बारा तास का टांगायची, हे मी बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. ते सगळं थट्टा होती का?"

"तुमचा शिक्का जाईल. काम जाईल. इथल्या बायका कुठे जाणार, याचा विचार केलाय?"

"रात्रभर तोच केला."

"तुमचा शिक्का जाईल, काका," बाई पुन्हा म्हणाल्या, जणू पहिले ऐकलेच नव्हते.

"तो कालच गेला," काका म्हणाले.

माझ्या लाकडात आरपार काहीतरी गेले. बाई खुर्चीत बसल्या. दुपारपर्यंत वेळ द्या म्हणाल्या. माल दुपारच्याच विमानाने जायचा होता. काका तिथेच उभे राहिले. फार वेळ गेला नसेल, पण मला तो बारा तासांसारखा वाटला. मग बाईंनीच फोन उचलला आणि पाहुण्यांच्या हॉटेलचा नंबर लावला. काल आग्रह त्यांनी केला होता हे खरे, पण तो फोनही त्यांनीच केला. हेही सांगायलाच हवे.

विमानतळाच्या मालधक्क्यावर पेटी उघडली. पाहुण्या बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, कोणती चोवीस? काकांनी लहान पिशव्या बाजूला काढून दाखवल्या. बाईंनी त्यांचे टॅग एकेक करून तोडले. मला वाटले, झाले. पण त्यांचे हात थांबले नाहीत. त्यांनी मोठ्या जॅकेटांचे टॅगही तोडायला सुरुवात केली.

"ती बरोबर आहेत," काका कळवळून म्हणाले. "ती मी बारा तास..."

दुभाष्या खाली बघत म्हणाला, "बाई विचारताहेत, ती बरोबर आहेत हे मला कोण सांगणार? हाच शिक्का ना?"

मित्रांनो, एकशे शहात्तर ठसे अगदी खरे होते. एकेकाच्या मागे काकांनी बारा तास घालवले होते. तेही माझ्या डोळ्यांदेखत धक्क्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात पडले. मी चोवीसदा खोटे बोललो आणि माझे सगळे खरे बोलणे संशयात गेले. पुढे आमच्या देशाच्या खात्यानेही मागच्या वर्षभरातली, माझा ठसा असलेली सगळी जॅकेटे परत मागवली. कारखान्याच्या बोळात पेट्यांचे ढीग लागले. काका तिथून जाताना भिंतीला चिकटून जात.

पण त्याआधी ती दोनशे पुन्हा टांगली. लहान चोवीस सगळ्यात आधी. पाहुण्या बाई सामानातून लोकरीचे विणकाम काढून आकड्यांसमोरच बसल्या आणि पूर्ण बारा तास बसून राहिल्या. काका कोपऱ्यात उभे. मी त्यांच्या गळ्यात. मला कशाची भीती वाटत होती सांगू? एखादे जॅकेट मऊ पडेल याची तर होतीच. पण सगळी टणक राहिली तर काय, याचीही होती, का ते तेव्हा कळत नव्हते.

बारा तासांनी काटा वाचला. चोवीसच्या चोवीस चांगली निघाली. पुढे उरलेली एकशे शहात्तरही तशीच निघाली.

मॅनेजरबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "बघा काका, बघा! एकही नाही. उगाच सगळं घालवलंत."

"आता कळलं," काका म्हणाले. "तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं. आणि माहीत आहे, असं मी लिहिलं."

ते ऐकले आणि माझी भीती मला उमगली. त्या चोवीसांपैकी एखादे गळके निघाले असते तर मी निदान म्हणू शकलो असतो, की आम्ही वेळेवर बोललो म्हणून एक मूल वाचले. तेवढेही समाधान माझ्या वाट्याला आले नाही. नशिबाने सगळे नीट निघाले, पण त्याने माझा ठसा खरा झाला नाही. तो तेव्हाही खोटा होता, आजही आहे.

शिक्षा व्हायची ती झाली. पलीकडच्या देशाने आमचे नाव कायमचे खोडले नाही, एक वर्ष पुढे ढकलले. तेवढे वर्षसुद्धा कारखान्याला जड गेले. घडीताईंना आणि आणखी दोघींना घरी बसावे लागले. जाताना घडीताई काकांना भेटायला आल्या. काकांनी त्यांची माफी मागितली.

"चादर तर मीच धरून उभी होते ना, काका," त्या म्हणाल्या. "मला काय कळत नव्हतं? घड्याळ मलाही वाचता येतं." मग त्या एका बॅगा शिवण्याच्या दुकानात कामाला लागल्याचे ऐकले. त्यांनी दोष दिला असता तर मला सोपे गेले असते.

काकांनी तपासनिसाचे काम सोडले. कारखाना सोडला नाही. ते जॅकेटे आकड्याला टांगायचे, उतरवायचे, पण दाब वाचायला दुसऱ्या कारखान्यातून एक जण आठवड्यातून दोनदा येई. काका त्याच्या मागे उभे राहून वही धरत. आणि मला परत करण्याचा दिवस आला. शिक्का परत घेताना नोंदवहीत त्याचा एक शेवटचा ठसा घेतात, म्हणजे कोणता ठसा यापुढे चालणार नाही ते सगळ्यांना कळावे. काकांनी मला शाईत टेकवले. मी जमेल तितका नीट उठलो. त्या ठशाशेजारी लिहिले आहे, 'शिक्का क्रमांक सतरा रद्द. खोट्या नोंदीवर वापरला.' बाईंनी मला खणात ठेवले आणि कुलूप लावले. काकूंनी शिवलेली पिशवी काकांनी रिकामीच घरी नेली.

तेव्हापासून मी अंधारात आहे. बाहेरचे मला दिसत नाही, ऐकू मात्र येते. वर्ष संपले तेव्हा घडीताईंचा आवाज पुन्हा ऐकू आला. बाईंनी त्यांना बोलावून घेतले होते, आणि त्या आता तपासनिसाचे शिक्षण घेत होत्या. शिकवायला दुसरे कोण, काकाच. एके दिवशी खण उघडला. उजेडाने मी दिपून गेलो. घडीताईंनी मला हातात घेतले, माझा आकडा वाचला, शेजारी नोंदवहीतली ती ओळ वाचली, आणि मला परत ठेवले. त्यांना नवीन शिक्का मिळाला होता. त्याचा आकडा मला कोणी सांगितला नाही, मीही विचारला नाही. त्याच्यासमोर तोंड दाखवण्याची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्यांदा दोनशे जॅकेटे आली. दुसऱ्यांदा पाहुणे यायचे ठरले. आणि काय सांगू, ते या वेळीही लवकर आले. बोळात बुटांचे आवाज झाले, दुभाष्याचा आवाज, आमच्या खात्याच्या मोठ्या साहेबांचा आवाज. साहेब म्हणत होते, "चला, आत जाऊ या. उगाच वेळ नको."

खोलीत शेवटची रांग टांगलेली होती. घडीताई दाराशी आल्या असाव्यात. काका नक्कीच असतील. मी खणात आक्रसून गेलो होतो. आता कोण काय बोलणार?

"थांबा," मॅनेजरबाईंचा आवाज आला. "आत जॅकेटं टांगलीत. अजून दोन तास आहेत. तोवर आपण सगळे इथेच बसू." आणि मग त्या वळून म्हणाल्या, "काका, स्टुलं आणता का जरा?"

बावीस वर्षांत आणि त्यानंतरच्या एका वर्षात बाईंच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. स्टुले ओढल्याचे आवाज आले. साहेब काहीतरी पुटपुटले. मग पाहुण्या बाई हसल्याचे ऐकू आले आणि थोड्या वेळाने विणकामाच्या सुयांची बारीक टकटक. दोन तास ती चालू होती. त्यानंतर आत कुठेतरी एक नवा शिक्का उठला, आणि तो आवाज मी ओळखला. पूर्ण वेळ थांबून उठलेल्या ठशाचा आवाज वेगळा असतो.

मित्रांनो, काकांनी आपली चूक दुसऱ्याच दिवशी कबूल केली. मी मात्र आजवर कोणाला सांगितले नव्हते, की त्या दिवशी मी फिका उठू शकलो असतो. ते आज तुम्हाला सांगितले. तुम्हीही मोठे व्हाल, तुमच्याही हातात कधीतरी सही येईल, शिक्का येईल. जे तुम्ही स्वतः पाहिलेले नाही, त्यावर तो उमटवू नका. दूर कुठेतरी, तुम्हाला न पाहिलेला एक माणूस तुमच्या सहीवर डोळे मिटून विसंबलेला असतो.

आणि कधी विमानात बसलात, तर सीटखाली हात घालून ती पिशवी ओढून काढू नका, नाहीतर बोलणी खाल. ती तिथे आहे एवढेच आठवा. तिच्यावर एक गोल ठसा असेल, कुठल्या तरी देशातला. त्याच्यामागे कोणीतरी बारा तास थांबलेले असते.

मी थांबलो नाही.